‘स्पॅम आढळला नाही’ असं उत्तर पाठवण्याआधी

समाजमाध्यमाच्या तक्रार-कक्षात नव्याने रुजू झाला असाल, तर नियमावली वाचून झालीच असेल आणि तक्रारींची रांग कशी उपसायची हेही शिकवलं असेल. तक्रार करणाऱ्याला उत्तर काय द्यायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा चौथा महिना होता. एका बाईंनी एक प्रोफाइल ‘स्पॅम’ म्हणून कळवलं. तरुण मुलीचा फोटो आणि खाली दोन साधी वाक्यं. जाहिरात नाही, लिंक नाही. मी तयार मजकूर पाठवला, ‘स्पॅम आढळला नाही.’ तक्रार पुन्हा आली, मीही तेच पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. नऊ दिवसांनी दुसऱ्याच कुणी कळवल्यावर उलगडा झाला. फोटो त्या बाईंच्या मुलीचा होता आणि खातं तोतया.

फॉर्ममध्ये पहिला पर्याय ‘स्पॅम’ होता, म्हणून त्यांनी तो दाबला. मी त्या पर्यायाला उत्तर देत बसलो, बाईंना दिलंच नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी २०२६ मधल्या दुरुस्तीआधी, तोतयेगिरीची तक्रार आल्यापासून २४ तासांत मजकूर हटवण्याची पावलं उचलायची असत. अशी तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं, म्हणजे आईसुद्धा. हे सगळं मला पाठ होतं. पर्याय ‘स्पॅम’ दिसला आणि माझी नजर तिथेच थांबली. घाबरलेला माणूस यादी वाचून पर्याय निवडत नाही, हे धरूनच चला. पर्याय आणि मजकूर जुळत नसेल तर तक्रार बंद करू नका, एकच प्रश्न विचारा: ‘हा फोटो कुणाचा आहे?’

बाकी उत्तर लहानच असावं. काय पाहिलं, काय ठरवलं आणि पुढच्या वेळी काय जोडलं तर आपल्याला लवकर कळेल, एवढं पुरे. मजकूर हटवला की नाही तेही सांगा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला मात्र तक्रारदार कोण, याचा सुगावाही लागू देऊ नका. गावातल्या भांडणात ‘एका नातेवाइकाने’ एवढा शब्दही पुरतो. तक्रार नाकारलीत तर ३० दिवसांत सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, हे आवर्जून लिहा. ही ओळ गाळणारे वरिष्ठ मी पाहिलेत. दर तक्रारीमागचा सरासरी वेळ मोजण्यापलीकडे काही न शिकवणाऱ्या माणसाकडून हे काम शिकू नका, असं माझं ठाम मत आहे.

चुका होतील, त्याने खचू नका. दहा वेळा चुकीचं कळवणारी माणसंही नीट समजावलं तर अकराव्यांदा नेमकं कळवतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

त्या बाईंना मी नंतर तयार मजकूर न वापरता लिहिलं. प्रोफाइल हटवल्याचं कळवलं आणि माझी आधीची दोन्ही उत्तरं चुकीची होती हेही. त्यांचं उत्तर आलं नाही.