तापीच्या तळातून जुनी धातूची वस्तू निघाली तर
चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात बुडी मारणाऱ्या पोरांच्या हाती असं काही लागलं की आधी चिंच-राख लावून घासत बसतात, भाऊ ते अजिबात करू नका, वरचा थरच तर सांगतो वस्तू कशाची ते. हिरवट असेल तर तांबं, पितळ नाहीतर कासं, तांबूस पोपडे आणि लोहचुंबक चिकटलं तर लोखंड, ते लगेच वाळवू नका, त्याच पाण्यात बादलीत ठेवा नाहीतर तडकतं. तरी कळेना तर काट्याला टांगून हवेतलं वजन घ्या, मग पाण्यात बुडवून घ्या, हवेतलं वजन भागिले घटलेलं वजन, लोखंड ७.८ च्या आसपास, तांबं ८.९, शिसं ११.३ (गंज-गाळ असला की आकडा कमीच येणार). तोफगोळ्यासारखं दिसलं तर हात न लावता सरळ ११२. अन् दहा रुपयांवरचं गुप्तधन १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं बरं का.