कांद्याच्या भावावर प्रोजेक्ट करताय? आधी तारखा तपासा

नाशिकमध्ये बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा ग्रुप प्रोजेक्ट म्हटला की बरेच गट लासलगावच्या कांद्याचा भाव निवडतात. विषय उत्तमच आहे, पण मॉडेलला हात लावण्याआधी दोन दिवस फक्त डेटा समजून घेण्यात घालवा.

लिलाव बंद असलेल्या दिवसांच्या रकान्यात शून्य भरू नका. त्या दिवशी भाव पडला नव्हता, बाजारच भरला नव्हता. शून्याने सरासरी कोसळते आणि पुढचं सगळं गणित फसतं. रकाना रिकामा ठेवा, शेजारी ‘बंद’ लिहा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव एकत्र मिसळू नका. आवक क्विंटलमध्ये आहे की टनात, तेही पाहा. लाल आणि उन्हाळ कांदा वेगळा ठेवा: उन्हाळ चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) टिकतो, लाल टिकत नाही, त्यामुळे विकण्याची घाई निराळी.

आलेखावर 8 डिसेंबर 2023 ची उभी रेघ हवीच. त्या दिवशी निर्यातबंदी लागू झाली. ती 4 मे 2024 ला उठली. या काळातला भाव नुसत्या हंगामावरून समजणार नाही.

मूळ फाइल एकाच्याच ताब्यात द्या, बाकीच्यांनी प्रतीवर काम करावं. आणि एक सकाळ सगळ्यांनी मिळून लिलाव बघून या, खरंच.