काडतुसांची तुलना: डबीवरचे आकडे आणि आपल्या नळीतले

कॅलिबर म्हणजे गोळीचा साधारण व्यास. जोर त्यावरून कळत नाही. .३२ एसीपी (पिस्तुलाचे काडतूस) आणि .३२ लाँग (रिव्हॉल्व्हरचे), दोन्हींची गोळी ७.९ मिलिमीटरच्या आसपासच. पण एसीपीची ७१ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २७६ मीटर जाते, लाँगची ९८ ग्रेनची २१५ मीटर. ग्रेनला ०.०६४८ ने गुणा, ग्रॅम मिळतील. ग्रॅम गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००, की झाला ज्यूलमध्ये जोर: एसीपी १७५, लाँग १४७. दोन्हींवर .३२ लिहिलेय म्हणून एसीपी लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नका. पुष्कळदा ते आत बसते, पण त्याचा दाब जास्त असतो.

९ मिमी पॅराबेलम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचे माप), साध्या परवान्यावर मिळत नाही. तुलनेपुरता आकडा घ्या. ८ ग्रॅम, ३६० मीटर, ५१८ ज्यूल. .४५ एसीपी १४.९ ग्रॅम, २५५ मीटर, ४८४ ज्यूल. ज्यूल जवळजवळ सारखे, तरी .४५ चा हाताला बसणारा धक्का मोठा, कारण धक्का वजन गुणिले वेग यावर ठरतो, वर्गावर नाही. पिस्तुलाचे वजनही त्यात आलेच.

२५ मीटरवर ९ मिमीची गोळी नळीच्या रेषेखाली जेमतेम अडीच सेंटिमीटर उतरते, .३२ लाँगची साडेसहाच्या पुढे. हत्याराची नेमपट्टी त्या अंतराला जुळवून ठेवली की हा फरक उरत नाही. म्हणूनच सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर ठोका घेणाऱ्या काडतुसांच्या) स्पर्धेत मंद, हलक्या धक्क्याच्या .३२ लाँगला एवढी पसंती.

डबीवरचा वेग चाचणीच्या नळीतला असतो. आखूड नळीत तो घटतो. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री आणि नळीमधल्या फटीतून वायू निसटतो, तेवढा आणखी. त्यामुळे मोजायचे ते आपल्याच हत्याराने, परवानाधारक रेंजवर. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) नळीच्या तोंडापासून ३ मीटरवर ठेवा. जवळ ठेवलात तर स्फोटाची लाटच गोळी समजून आकडा देतो. दहा फैरी झाडा, सरासरी काढा आणि सर्वांत जास्त-कमी वेगातले अंतर लिहून ठेवा. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर चालणारे यंत्र मे महिन्याच्या उन्हात चुकते, वर पांढरा पडदा लावा. जूनचे ढगाळ आकाश त्याला उलट मानवते. बंद रेंजमध्ये ट्यूबलाइटची लुकलुक घात करते.

गोव्याची दमट हवा गोळी अडवते असे रेंजवर ऐकू येते. खरे तर दमट हवा कोरड्यापेक्षा किंचित हलकी; २५ मीटरवर फरक मोजण्यापलीकडचा. दमटपणा नडतो तो कपाटात. चामड्याच्या पट्ट्यात पावसाळाभर राहिलेल्या काडतुसाच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो, मग ते चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या खोबणीत) अडकते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या पाऊस संपेपर्यंत दोनतीनदा बदला. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका: दारू तापली (काडतुसातली) की वेग वाढतो, आणि सकाळच्या मोजणीशी दुपारची जुळत नाही. कळंक चढलेले काडतूस घासून पुन्हा वापरू नका, बाजूला काढा.