थंडीच्या दिवसांत मुलांना लिहितं कसं करावं

डिसेंबर लागला की मोबाइलवर 'विंटर वर्कशीट'चा मारा सुरू होतो. बर्फाचा माणूस रंगवा, हातमोज्यांच्या जोड्या लावा, स्लेजगाडीवर दोन वाक्यं लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलानं बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही एप्रिल-मेमध्ये. स्लेजवर लिही म्हटलं की ते फळ्यावरचं वाक्य उतरवून मोकळं होतं. पण कानटोपी घरी विसरल्यावर आई काय म्हणाली, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत चुलीपुढे कोण कोण बसलं होतं, हे विचारा. मग त्याला गप्प बसवावं लागतं. लिहायला लावायचं ते इथून.

पुढचे उपक्रम पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आहेत. शाळेत करता येतील, घरीही करता येतील. पाटी, पाठकोरे कागद, पेन्सिल आणि थोडं ऊन एवढं पुरे. सगळे करायलाच हवेत असं नाही.

१. आधी शब्द गोळा करा

शनिवारी शाळा सकाळची असते, तो दिवस धरा. प्रार्थना झाली की मुलांना वर्गात न नेता दहा मिनिटं मैदानात फिरवा. गवतावरून हात फिरवू द्या. तोंडातून वाफ निघते का ते बघू द्या. कोवळं ऊन आधी कुठल्या भिंतीवर येतं ते शोधू द्या. वही-पेन्सिल बाहेर न्यायची नाही. नेली की मुलं बघायचं सोडून 'बाई, काय लिहू?' विचारत बसतात.

आत आल्यावर 'काय काय बघितलं?' एवढंच विचारा आणि मुलं म्हणतील तसं फळ्यावर लिहा. 'लई थंडी वाजालीय' आलं तर 'लई थंडी वाजालीय'च लिहायचं. दव, धुकं, हुडहुडी, काकडणं, घोंगडी, बंब, शेकोटी असे शब्द आपोआप येतात. घरी कन्नड बोलणारं एखादं मूल थंडीला 'चळी' म्हणेल, तोही शब्द घ्या. मग एकेक शब्द कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. पुढे लिहिताना मूल अडलं की 'भिंतीवर बघ' म्हणता येतं, आणि ते स्वतःच शब्द शोधून काढतं.

२. पहिलीला एका शब्दाची जागा रिकामी द्या

पहिलीच्या मुलाकडून परिच्छेदाची अपेक्षा नको. ऊन, ऊब, ऊस हे तीन शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात, शिवाय त्यांत काना-मात्रा काही नाही. दव, धग, गरम हेही तसेच. आधी हे पाटीवर गिरवून घ्या, मग एक वाक्य द्या: 'मला ______ जवळ ऊब मिळते.' मूल आधी चित्र काढेल, मग शब्द भरेल. आजीजवळ, चुलीजवळ, मांजराजवळ. कुणी 'म्हशीजवळ' लिहिलं तर हसण्यावारी नेऊ नका. गोठा खरंच उबदार असतो.

एक पथ्य मात्र पाळा. 'माझा नवा स्वेटर' हा विषय कुठल्याच इयत्तेला देऊ नका. वर्गात स्वेटर नसलेलं मूल असतंच. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेली मुलं मध्येच वर्गात येऊन बसतात, त्यांच्यासाठी तर हा विषय नकोच. ऊब कुठे मिळते, या प्रश्नाला प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर असतं.

३. दुसरीला दुधाचा पेला

कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं. थंडीत ते गरम दूध म्हणजे लेखनाचं आयतं साहित्य. प्यायच्या आधी मिनिटभर पेला नुसता धरायला सांगा. हाताला काय वाटतं? नाकाला? वर काय तरंगतंय? मग डोळे, नाक, हात, जीभ, कान या प्रत्येकाचं एकेक वाक्य. कानाचं वाक्य सुचायला वेळ लागतो. शेजारचा मुलगा 'सुर्रर्र' करून पितो तेव्हा ते सुचतं. 'दूध गरम होतं' यावर मूल थांबलं तर विचारा, 'किती गरम? पेला कसा धरलास?' बाह्या ओढून धरला असेल तर तेच वाक्य लिहायचं. घरी करायचं तर चहाचा, काढ्याचा, तांदळाच्या पेजेचा पेला चालेल.

४. तिसरी-चौथीला खोबरेल तेलाची बाटली

सगळ्यांत जास्त वेळ या उपक्रमाला द्या. निरीक्षण, क्रम आणि कारण या तिन्ही गोष्टी एका बाटलीत मिळतात.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. बेळगावकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बऱ्याचदा १५ अंशांच्या खाली जातो, त्यामुळे सकाळी घरोघरी बाटली पांढरी झालेली असते. दुपारी तेल आपोआप सुटतं, म्हणून हा उपक्रम पहिल्या तासालाच घ्या. बाटली लहान, पारदर्शक आणि प्लॅस्टिकची असावी. तेल शुद्ध खोबरेलच हवं. सुगंधी तेलात दुसरी तेलं मिसळलेली असतात, ती गोठतीलच असं नाही.

पहिल्यांदा बाटली वर्गात फिरवा. उलटी करू द्या, हलवू द्या, आवाज ऐकू द्या. प्रत्येकानं 'सकाळी' असं लिहून दोन वाक्यं लिहायची. मग बाटली उन्हात उभी ठेवा. दर पंधरा मिनिटांनी दोन-दोन मुलं जाऊन बघून येतील आणि वर्गाला सांगतील, बाकीची लिहून घेतील. फळ्यावर चारच शब्द ठेवा: आधी, मग, थोड्या वेळानं, शेवटी. एरवी मुलांच्या वाक्यांना 'आणि मग, आणि मग'ची शेपटी लागते. हे चार शब्द समोर असले की ती गळते.

लेखन साधारण असं उतरावं:

'सकाळी तेल पांढरं होतं. बाटली उलटी केली तरी हललं नाही. आम्ही ती उन्हात ठेवली. आधी कडेचं तेल सुटलं. मग मधे पांढरा गोळा राहिला. थोड्या वेळानं तो तळाशी बसला. शेवटी सगळं तेल पाण्यासारखं झालं.'

चौथीच्या मुलांना पुढचा प्रश्न टाका: बर्फ पाण्यावर तरंगतो, मग हा गोळा बुडाला कसा? पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फ हलका होतो. तेल गोठताना आकसतं, म्हणून गोळा जड होतो. पण उत्तर लगेच सांगू नका. आधी मुलांना 'मला वाटतं की...' असं सुरू करून एक वाक्य लिहू द्या. चुकीचा अंदाजही वहीत राहू दे, आणि खरं कारण कळलं की ते त्याखाली लिहायचं. अंदाज खोडायचा नाही.

५. धुक्यात काय हरवलं?

दाट धुक्याची सकाळ ठरवून मिळत नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी धडा बाजूला ठेवायचा. शाळेच्या फाटकातून रोज काय काय दिसतं याची यादी तोंडी करून घ्या: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, वडाचं झाड, समोरचं दुकान. मग एकेकाबद्दल लिहायचं, 'टाकी दिसत नाही', 'दुकान दिसत नाही, पण शटरचा आवाज आला.' या 'पण'मुळे लेखनाला जोर येतो. न दिसणारी वस्तू कानानं ओळखायची असते. खानापूर-लोंढ्याकडे रेल्वेची शिट्टी, चिकोडीकडे कारखान्याचा भोंगा आणि उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी.

६. घरच्या मोठ्या माणसांना तीन प्रश्न

यात प्रश्न नीट असणं महत्त्वाचं. 'आजी, तुमच्या वेळी थंडी होती का?' असं विचारलं तर 'व्हय, होती की' म्हणून आजी कामाला लागते. त्याऐवजी हे विचारा: रात्री पांघरायला काय असायचं आणि एका पांघरुणात किती जण झोपायचे? भल्या पहाटे उठून कुणाला जावं लागायचं आणि कुठे? सुगीच्या दिवसांत रानात काय खायला मिळायचं?

शेवटच्या प्रश्नाला गावागणिक वेगळं उत्तर येईल. येळ्ळूर, वडगाव भागात भात काढून झाल्यावरचा मसूर, निपाणीकडे गुऱ्हाळातली काकवी, अथणीच्या बाजूला जोंधळ्याचा हुरडा. मुलानं घरी फक्त पाच-सहा शब्द टिपून आणायचे. वाक्यं वर्गात, सगळ्यांना तोंडी सांगून झाल्यावर. घरी पूर्ण लिहून आणा म्हटलं की वहीत आईचं अक्षर येतं.

७. संक्रांतीचं भेटकार्ड

१४ जानेवारीच्या आठवडाभर आधी सुरू करा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचं कार्ड उत्तम होतं. नियम एकच, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढ्यावर भागवायचं नाही. कुणाला आणि कशासाठी, ते लिहायचं. 'रूळ तुटला तेव्हा तू मला तुझा दिलास, म्हणून तुला तिळगूळ.' तिसरी-चौथीला कन्नड लिपी येत असेल तर कार्डाच्या दुसऱ्या बाजूला 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी' (तीळगूळ खाऊन चांगलं बोला) कन्नडमध्ये लिहू द्या. हे वाक्य मुलं एरवी शेजारीपाजारी ऐकतच असतात. इथे शुद्धलेखनाचा एक मुद्दा सहज घेता येतो: तीळ, गूळ दीर्घ, पण तिळाचा, गुळाचा ऱ्हस्व.

चुका कधी सुधारायच्या?

पहिल्या लेखनावर लाल पेन नको. मूल वाचून दाखवेल तेव्हा फक्त मजकुराबद्दल विचारा: पुढे काय झालं, कोण होतं, कसं वाटलं. ज्या लेखनाचं कार्ड किंवा भिंतीवरचा कागद होणार असेल, तेवढंच दुसऱ्या दिवशी नीट करून घ्या. तेही एका वेळी एकाच बाबतीत, आज पूर्णविराम, पुढच्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ. 'वाजालीय'सारखी घरची क्रियापदं मूल कुणाचं तरी बोलणं लिहीत असेल तर अवतरणचिन्हांत तशीच ठेवा. बाकी वाक्यात 'पुस्तकात हे कसं लिहितात?' एवढं विचारलं की तिसरीचं मूल स्वतःच बदलतं. पहिली-दुसरीत तेही विचारू नका.