जुन्या गाडीचा ब्रेकचा पार्ट ओरिजिनल आहे का? पारखताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या दहा मिनिटांतच होते. पार्ट हातात आला की आधी तो घासूनपुसून लख्ख करायचा! सँडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूच्या झोताने घासताना, गंजाबरोबर मूळ मुलामा जातो, कारखान्यात तपासणीच्या वेळी लावलेला रंगाचा ठिपका जातो, बिडाच्या ओतकामाचा दाणेदार पोत जातो आणि उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. पारख याच खुणांवर होते, आणि एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत.

म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने, तिरपी धरा. पुसट शिक्के सावलीमुळे वर येतात. मग साबणाचं कोमट पाणी आणि मऊ प्लास्टिकचा ब्रश, एवढंच. रॉकेल किंवा डिझेल नको. साध्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली रबरं त्याने फुगतात. तरीही अक्षरं लागत नसतील तर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा. सोबत बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, आटे मोजायचा गेज, लोहचुंबक आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग असावं.

‘ओरिजिनल’ म्हणजे काय, हे न ठरवताच निकाल देणं

एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी बसतात. या गाडीवर कारखान्यातच लागलेला पार्ट, त्याच काळात त्याच कंपनीने बनवलेला तसाच दुसरा पार्ट, त्याच कंपनीने पुढे कधीतरी सुट्या भागांसाठी काढलेला पार्ट, आणि आजची नक्कल. विकणारा तिसऱ्या अर्थाने बोलतो आणि घेणारा पहिल्या अर्थाने ऐकतो, तिथेच व्यवहार फसतो.

जॅग्वार ई-टाइप हे याचं चांगलं उदाहरण. पहिल्या मालिकेच्या पुढच्या चाकांना डनलॉपचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, होते. त्यांचे सिलिंडर वेगळे ओतून बोल्टने बाहेरून जोडलेले असतात, त्यामुळे ते लांबूनही ओळखू येतात. १९६८ मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेला गर्लिंगचे कॅलिपर मिळाले. पहिल्या मालिकेच्या गाडीवर गर्लिंग दिसले तर पार्ट अस्सल जॅग्वारचाच असेल, ब्रेकही अधिक चांगले लागतील, पण त्या गाडीचा तो ओरिजिनल नव्हे. तीच गोष्ट पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची. ३.८ लिटरच्या गाड्यांना डनलॉपचा घडीच्या भात्यासारखा बूस्टर होता, तर १९६४ च्या अखेरीस ४.२ लिटर आली तेव्हा तिथे लॉकहीडचा आला.

ओतकामाचा नंबर हाच पार्ट नंबर समजणं

उठावाची अक्षरं साच्यातून येतात. तो नंबर कच्च्या ओतीव भागाचा असतो. एकाच ओतकामातून बोअर (आतल्या भोकाचा व्यास) वेगळा करून, हवा काढायच्या निपलची जागा बदलून किंवा आटे वेगळे पाडून दोन-तीन निराळे पार्ट बनतात. नंबर जुळला म्हणजे पार्ट जुळला, असं होत नाही. बोअर मोजावाच लागतो.

उलटही होतं. फोर्डच्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग, घ्या. डब्यावरचा नंबर ‘सी ५ झेड झेड - २१४०’ अशा धाटणीचा असतो. सी म्हणजे १९६० चं दशक, ५ म्हणजे १९६५, पहिला झेड मस्टँगचा, २१४० म्हणजे मास्टर सिलिंडर. चौथ्या जागेवरचा झेड सांगतो की हा सुट्या भागांच्या विक्रीसाठीचा नंबर आहे. आतल्या धातूवर मात्र अभियांत्रिकी नंबर असतो आणि त्यात चौथं अक्षर वेगळं असतं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून लोक खरा माल परत करतात! आणि यातला ‘सी ५’, म्हणजे १९६५, हा डिझाइनचा काळ आहे. पार्ट प्रत्यक्ष कधी बनला ते तारखेचा कोड सांगतो.

तारखेचा कोड अर्धाच वाचणं

जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ओतीव भागांवर सहसा महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा अशी रचना सापडते. ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. फोर्डमध्ये वर्ष आधी येतं आणि महिन्यांच्या अक्षरांतून ‘आय’ वगळलेलं असतं, कारण ते १ सारखं दिसतं. त्यामुळे जीएमचं ‘के १४ ६’ म्हणजे १४ नोव्हेंबर, पण फोर्डचं ‘६ के १४’ म्हणजे १४ ऑक्टोबर. एका कंपनीची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावली की सप्टेंबरपासून पुढच्या महिन्यांत महिनाभराची चूक ठरलेलीच.

वर्षाचा एकच आकडा दर दहा वर्षांनी परत येतो, म्हणून ६ म्हणजे १९६६ की १९७६, हे पार्टची घडण बघूनच ठरवा. पार्टची तारीख गाडी बनल्याच्या तारखेनंतरची असेल तर विषय संपला, तो कारखान्यात लागलेला नाही. तारीख थोडी आधीची असणं स्वाभाविक आहे. खूप आधीची असेल तर शिक्क्याभोवतीचा धातू भिंगातून बघा. बाकी पृष्ठभाग दाणेदार आणि नंबराभोवतीच तेवढे कानशीचे समांतर ओरखडे, किंवा तो भाग किंचित खोलगट, असं दिसलं तर जुना नंबर घासून नवा ठोकलेला असतो.

डब्यावर विश्वास ठेवणं

जुना डबा नव्या मालाला सहज मिळतो. पण डबा स्वतःची तारीख लपवू शकत नाही. अमेरिकी पत्त्यात झिप कोड असेल तर छपाई १९६३ नंतरची. दुकानी मालावरचा पट्ट्यांचा बारकोड वापरात आला तो १९७४ मध्ये. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ ही ओळ १९४९ ते १९९० च्या दरम्यानची, म्हणजे १९३० च्या दशकातल्या गाडीसाठी तो नंतरचा सुटा भागच. जुना पार्ट नव्या डब्यात भरलेलाही असू शकतो, हे मात्र विसरू नका.

आटे आणि बोअर न मोजता पार्ट बसवणं

नक्कल सर्वाधिक इथे उघडी पडते, आणि जिवाला धोकाही इथेच आहे. ३/१६ इंची पाइपच्या ब्रिटिश गाड्यांत बहुतेकदा ३/८ इंच, २४ आटे प्रति इंच असा नट असतो. त्याचा व्यास ९.५ मिमी. नकलेत पुष्कळदा १० मिमी, १ मिमी अंतराचे मेट्रिक आटे पाडलेले असतात. इंची नट त्या भोकात सैलसर फिरत आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. पाना लावून आवळला की आटे सोलवटतात. आवळला गेलाच तर जोरात ब्रेक दाबल्यावर पाइप निसटू शकतो. नट हाताने सुरू करताना डगडगला तर तिथेच थांबा. पाइपच्या तोंडाची घडणही बघा, कारण दुहेरी घडीचं तोंड आणि बुडबुड्यासारखं गोल तोंड एकमेकांच्या जागी गळतात.

बोअरमधला छोटा फरकही मोठा असतो. ३/४ इंचाऐवजी ७/८ इंचाचा मास्टर सिलिंडर लावला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं आणि पायाचा जोर तेवढाच ठेवला तर दाब सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. पेडल छान कडक लागतं, मालक खूश होतो, आणि गाडी मात्र उशिरा थांबते. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर डिस्कच्या गाडीला लावला तर उलटा त्रास. त्याच्या आतला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह पॅड सुटू देत नाही, डिस्क तापते.

ऑइलचा रंग न बघणं

सित्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीच्या सुरुवातीच्या गाड्यांत लाल द्रव होता, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं खनिज तेल आलं. लाल द्रवाचे भाग काळे रंगवलेले, हिरव्याचे हिरवे. दोन्हींची रबरं वेगळी, म्हणून इथे रंग पुसणं म्हणजे सूचनाच पुसणं. काळ्या भागात हिरवं तेल गेलं तर सील निकामी होतात.

ओरिजिनल म्हणून तसाच जोडणं

पन्नास वर्षं डब्यात पडलेला न वापरलेला सिलिंडरही आतून गंजतो आणि त्याचं रबर कडक होतं. होज, म्हणजे रबरी नळी, वरून धड दिसतो, पण आतून फुगून वाट अडवतो, मग पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं. सील, बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं) आणि होज नवेच घाला. मूळ बीड टिकवायचं तर बोअरमध्ये स्टेनलेस स्टीलची किंवा पितळी स्लीव्ह, म्हणजे आतली पातळ नळी, बसवून घ्या. तोंडाशी बारीक वर्तुळ दिसतं, तेवढीच खूण राहते. विकताना ती सांगा.

जुने लायनर आणि पॅड फक्त नमुना म्हणून ठेवा. त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतू, असण्याची दाट शक्यता असते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, लायनर पॉलिश पेपरने घासू नका. ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड ओलं असतानाच पिशवीत बंद करा. जुन्या पिवळसर मुलाम्याखाली कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, तेव्हा तोही कोरडा घासायचा नाही.