दादाची लाल टाकी

माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या खाली, दादाचं स्पेस शटल सापडलं. 1981 साली मामाने अमेरिकेहून आणलेलं प्लास्टिकचं किट, 1:144 मापाचं. खरं शटल इंधनाची टाकी आणि बूस्टर (बाजूची दोन रॉकेटं) यांच्यासकट 56 मीटर उंच, म्हणजे हे साधारण 39 सेंटीमीटर. एक बूस्टर निखळलेला, उभी शेपटी तुटून ट्रंकेच्या तळाशी, पांढरं प्लास्टिक जुन्या कपबशीसारखं पिवळं. आणि मधली मोठी टाकी लालभडक! खिडकीच्या गजांना लावून उरलेला रेड ऑक्साइड दादाने त्या दिवाळीच्या सुट्टीत तिला फासला होता. खोक्यावरच्या चित्रात टाकी पांढरीशुभ्र, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी त्याची भरपूर टर उडवली. पुढे मार्च 1982 मध्ये तिसऱ्या उड्डाणाला नासाची टाकीच नारिंगी-तांबूस निघाली. पांढऱ्या रंगाचं जवळजवळ 600 पौंड वजन वाचवायला त्यांनी टाकी रंगवणंच सोडून दिलं होतं. दादा महिनाभर कॉलर ताठ करून फिरला.

असं जुनं किट तुमच्या हाती लागलं, तर ब्रशला हात लावू नका. आधी ते कुठल्या उड्डाणाचं करायचं ते ठरवा आणि त्याच उड्डाणाचे फोटो जमवा. "शटल पांढरं-काळं असतं" एवढ्या भांडवलावर रंगवलेलं मॉडेल बाबागाडीतल्या खेळण्यासारखं दिसतं. लाल टाकीमुळे माझा प्रश्न आपोआप सुटला: तिसरं उड्डाण, यान कोलंबिया. पंख धडाला मिळतात तिथला पुढचा निमुळता भाग कोलंबियाला काळा होता. अवकाशात गेलेल्या बाकी कुठल्याच शटलला तो तसा नव्हता. कल्पना चावला 1997 आणि 2003 मध्ये दोन्ही वेळा याच यानातून गेली, म्हणून आपल्याकडे अनेकांना तिचं कोलंबिया करायचं असतं. खुशाल करा, पण तोवर शेपटीच्या टोकावर एक फुगीर डबी आलेली होती आणि नावाची जागाही बदलली होती. जुन्या किटात ती डबी नसते, घडवावी लागते.

आता माझी फजिती. जुना रंग उतरवायला मी हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणला. कापसाचा बोळा बूस्टरच्या टोकावर फिरवला आणि रंगाबरोबर प्लास्टिकही बोळ्यावर आलं. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते थिनरमध्ये साखरेसारखं विरघळतं. ॲसिटोनचंही तेच, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरही लांबच ठेवा.

उपयोगी पडलं ते साधं तपकिरी डेटॉल. पाणी न घालता झाकणाच्या डब्यात ओतायचं, भाग रात्रभर बुडवायचे, सकाळी हातमोजे घालून जुन्या मऊ टूथब्रशने घासायचे. यात एक मेख आहे. डेटॉलमधून काढलेला भाग थेट नळाखाली धरलात तर सुटलेल्या रंगाचा चिकट चीक होतो आणि तो पुन्हा सगळीकडे बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्ये खळबळून घ्या, पुसा, मग भांड्यांचा साबण आणि पाणी. तरीही पहिला प्रयोग आतल्या, न दिसणाऱ्या भागावरच करा. माझ्या ऑर्बायटरचा, म्हणजे पंखवाल्या यानाचा, रंग असा सुटला. टाकीवरचा रेड ऑक्साइड मात्र ढिम्म हलला नाही.

जुने सांधे उकलायच्या फंदात पडू नका. किट जोडायचा सिमेंट हा डिंक नव्हे, तो दोन्ही कडा वितळवून एक करतो. नीट बसलेला सांधा ओढलात तर सांधा राहतो आणि शेजारचं प्लास्टिक फाटतं. फट असेल तिथे लांबी (पुट्टी) भरा. मी थिनरच्या धड्यातून शिकून, किटच्या चौकटीचे उरलेले तुकडे सिमेंटच्या बाटलीत विरघळवले आणि तीच लांबी वापरली. प्लास्टिक तेच, त्यामुळे पक्की बसते. फक्त वाळायला दोन दिवस द्या, नाहीतर खड्डा पडतो. मग 400, 600, 1000 असा चढत्या क्रमाने वॉटर पेपर, तोही पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

पुण्यातला माणूस असाल तर स्प्रेचं काम दसऱ्यानंतर काढा. पावसाळी हवेत लॅकरवर, म्हणजे झटपट वाळणाऱ्या स्प्रेच्या रंगावर, दुधी झाक येते. मी ऑगस्टमध्ये घाई केली आणि काळ्या पोटाची राखाडी चादर झाली. गॅलरीत, मास्क लावूनच फवारा. करड्या प्रायमरवर पांढरा रंग पातळ-पातळ हातांनी चढवा. पहिल्या दोन हातांत तो घाणेरडाच दिसतो, धीर सोडू नका. काळा मात्र डबीतला जसाच्या तसा नको. खऱ्या यानावर 24,000 हून जास्त टाइल्स होत्या, आणि त्यातल्या काळ्या उन्हात गडद करड्याच दिसतात. नाकाचं टोक आणि पंखांच्या पुढच्या कडा कार्बनच्या, त्यांची करडी छटा आणखी वेगळी. हा एवढा फरक दाखवलात तरी निम्मं काम झालं.

डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची नावं-खुणांची चित्रं) पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. प्लास्टिक ज्या उन्हाने पिवळं पडतं त्याच उन्हाने हे उजळतात, गंमतच आहे. नकोसा एक तुकडा आधी पाण्यात टाकून बघा. त्याचे कपटे झाले तर बाकीच्यांवर पारदर्शक वॉर्निश मारा, वाळू द्या आणि मग एकेक कापून वापरा. चिकटवायची जागा चकचकीत हवी, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात.

उरली टाकी. खऱ्या टाकीवरचा फोम सुरुवातीला फिका असतो आणि उन्हात राहून राहून गडद होत जातो, त्यामुळे अमुकच एक नारिंगी बरोबर असं नाही. मी दादाचा रेड ऑक्साइड 1000 च्या पेपरने गुळगुळीत केला आणि त्यावर पातळ नारिंगीचे दोन हात दिले. खालचा लाल अजून कुठे कुठे डोकावतो आणि तोच सगळ्यात खरा वाटतो.

दिवाळीला दादा आला. चष्मा वर करून त्याने मॉडेल बराच वेळ फिरवून पाहिलं.

"बाकी झकास," तो म्हणाला, "पण टाकी पांढरी का नाही केलीस रे? खोक्यावर तर पांढरी होती."