एकट्याने क्रूझ: दुप्पट भाडं कशाचं, आणि कशाचं नाही

जाहिरातीत क्रूझचं भाडं छापलेलं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘ट्विन शेअरिंग’ असं लिहिलेलं असतं. हे भाडं एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेलं, माणशी. एकटा माणूस तीच केबिन घेतो तेव्हा कंपनी रिकाम्या पलंगाचेही पैसे लावते, त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. ते कधी भाड्याच्या २५ किंवा ५० टक्के असतं, पण बऱ्याचदा पूर्ण १०० टक्के, म्हणजे दुप्पट भाडं.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दुप्पट होतं ते फक्त केबिनचं भाडं. पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज किंवा टिप, व्हिसा, विमा हे सगळं डोक्यामागे असतं आणि डोकं एकच आहे. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. समजा तीन रात्रींचं भाडं माणशी २०,०००, पोर्ट चार्जेस ३,००० आणि टिप रोज ५०० रुपये. जोडप्यातल्या एकाला २४,५०० पडतात. एकट्याला १०० टक्के सप्लिमेंट धरून ४०,००० अधिक ३,००० अधिक १,५००, म्हणजे ४४,५००. कोटेशनमध्ये ४९,००० दिसले तर समजायचं की एजंटने ‘दोन प्रौढ’ टाकून बुकिंग काढलंय आणि जो माणूस येणारच नाही त्याचे पोर्ट चार्जेस आणि टिपही तुमच्या माथी मारलेत. सप्लिमेंट ५० टक्के असेल तर हाच आकडा ३४,५०० वर येतो. जीएसटी वेगळा, आणि तो सप्लिमेंटवरही लागतो.

म्हणून पहिलं काम: एजंटकडून ओळीओळीने फोडलेलं कोटेशन लेखी घ्यायचं. भाडं, सप्लिमेंट, पोर्ट चार्जेस, टिप, कर, प्रत्येक ओळ वेगळी. ‘ऑल इन्क्लुझिव्ह इतके’ एवढाच व्हॉट्सअॅप मेसेज आला तर परत विचारा. एकूण आकड्याला रात्रींनी भागून एका रात्रीचा दर काढा. तुलना त्याचीच करायची, छापील भाड्याची नाही.

मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. एकट्यासाठी यातले दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी हे सगळ्यात वाईट दिवस: केबिन कुटुंबांनी भरतात, मग कंपनीला सप्लिमेंट कमी करायची गरजच नसते. सुट्ट्या संपल्यावरचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळून सुटणारी फेरी पाहा. दोन रात्रींच्या वीकएंड फेरीत एकट्याचे पैसे फारसे वसूल होत नाहीत. घरापासून बंदरापर्यंतचा खर्च तेवढाच राहतो आणि वाटला जातो दोनच रात्रींवर.

सिंगापूरसारख्या ठिकाणाहून मोठं जहाज घेणार असाल तर खास एकट्यासाठी बांधलेल्या केबिन मिळू शकतात. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीने २०१० मध्ये ‘एपिक’ जहाजावर अशा १२८ स्टुडिओ केबिन आणल्या: सुमारे १०० चौरस फूट, समुद्राकडे खिडकी नाही, पण सप्लिमेंटही नाही. ठाण्यातल्या वन आरकेत राहिलेल्याला ती जागा अडचणीची वाटणार नाही. अडचण वेगळीच आहे. अशा केबिन थोड्या असतात, लवकर जातात आणि मागणी वाढली की त्यांचा दरही चढतो. म्हणून स्टुडिओचा दर आणि आतल्या बाजूच्या साध्या केबिनचा सप्लिमेंटसकट दर, दोन्ही शेजारी ठेवूनच ठरवा. कधीकधी दुसरी मोठी असून स्वस्त निघते. बाल्कनीच्या केबिनचं दुप्पट भाडं मात्र एकट्याने शक्यतो भरू नये. डेकवरून तोच समुद्र फुकट दिसतो.

पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख बहुतेक परदेशी कंपन्यांत सुटण्याच्या अडीच-तीन महिने आधी असते. त्या सुमाराला लोक बुकिंग सोडतात आणि रिकाम्या केबिनचे दर खाली येतात. तेव्हा दर पुन्हा तपासा, पण विमानाचं तिकीट तोवर महाग झालं तर फायदा तिथेच गेला. मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर केबिन वाटून घेत असाल तर आणखी एक गोष्ट बुकिंगआधीच बोलून ठेवा: एकाने ऐनवेळी रद्द केलं तर दुसऱ्यावर सप्लिमेंट बसू शकतं. ते कोण भरणार?

काही ठिकाणी एकटं असणं उलट फायद्याचं ठरतं. काही कंपन्यांचं दारूचं पॅकेज घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. तुम्हाला ती सक्ती नाही. वाय-फाय एका उपकरणाचं पुरतं. किनाऱ्यावर उतरल्यावरचा हिशेब मात्र उलटा. जोडप्याला बाहेरची टॅक्सी परवडते, कारण भाडं दोघांत वाटलं जातं. एकट्याला जहाजाची सहल माणशी दराने मिळते, त्यामुळे दूरच्या ठिकाणासाठी तीच स्वस्त पडते. शिवाय ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

लक्षद्वीपला बेटावर लहान बोटीने नेतात. समुद्र चढला की उतरणं रद्द होतं, त्यामुळे केवळ बेटासाठी पैसे मोजू नका. रद्द झालं तर सहलीचे पैसे परत मिळतात का आणि बेटाचं परमिट कोण काढतं, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून परत येणाऱ्या फेरीत सिंगापूरमध्ये तुमचा प्रवेश दोनदा होतो, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते पाहा. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर कापतो. हा खर्च नाही, तो तुमच्या पॅनखाली जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. बिलावर वेगळा दाखवलेला असला पाहिजे, एवढं बघा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी चालू करा. मशीनने ‘रुपयांत भरायचे का’ असं विचारलं तर नाही म्हणा, त्या रूपांतराचा दर जवळपास नेहमीच महाग असतो. जहाजावरचं खातं डेबिट कार्डाला जोडू नका: अनामत म्हणून अडवलेली रक्कम उतरल्यावरही काही दिवस अडकून राहू शकते, आणि बरोबर दुसऱ्या कुणाचं कार्ड नसतं.

आता घर ते बॅलार्ड पिअर, म्हणजे मुंबईत क्रूझ जिथून सुटते तो धक्का. ओला-उबरचं भाडंही एकट्यालाच भरायचंय, त्यामुळे एक ट्रॉली बॅग असेल तर लोकलच बरी: ठाण्याहून फास्ट, वाशी-नेरूळहून हार्बर, सीएसएमटीला उतरून काळी-पिवळी, अंतर जेमतेम दीड किलोमीटर. सकाळची गर्दी टाळून अकरानंतर निघा. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असू शकतो, आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. गाडीने यायचं तर ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवे धरा, पण घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी कापूरबावडी-माजिवड्याचा एक तास वेगळा धरावा. उलवे-पनवेलकडून अटल सेतू सोयीचा, २०२४ मध्ये कारला एका बाजूचा टोल २५० रुपये होता. वेळ काढताना जहाज सुटण्याची वेळ धरू नका. चेक-इन त्याच्या तास-दोन तास आधी बंद होतं, ती वेळ तिकिटावर शोधा.

शेवटच्या रात्री जेवणानंतर रिसेप्शनवरून बिलाची प्रिंट मागून घ्या. मिनीबारची न प्यायलेली बाटली, दोनदा लागलेली कॉफी, दोन माणसांची टिप अशा चुका यातच सापडतात. उतरायच्या सकाळी त्याच काउंटरवर रांग लागते आणि बॅगा तोवर खाली गेलेल्या असतात.